पत्रकार अणे : एका वाक्याचा अन्याय

परवां बापूजी अणे यांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या एका सभेस जाण्याचा योग आम्हांस आला. सभा आमच्याच यवतमाळ जिल्ह्यांतील, श्रोते बहुतेक शिकलेले, आणि मुख्य वक्ते बहुश्रुत म्हणून नांवाजलेले. त्यांनीं बापूजींच्या चरित्राचा जो पट उलगडला त्यांत मध्यवर्ती कायदेमंडळास पाव तास मिळाला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळास पांच मिनिटें, बिहारच्या गव्हर्नरीस चांगला अर्धा तास, आणि पद्मविभूषणास टाळ्या. पत्रकार अण्यांच्या वांट्यास मात्र एकच वाक्य आलें. "आरंभींच्या काळांत बापूजींनीं यवतमाळांत एक लहानसें साप्ताहिकही चालविलें होतें," एवढें बोलून वक्ते पुढें सरकले. सभा संपली, हारतुरे झाले, चहा झाला. पण तें वाक्य आमच्या कानांतून जाईना. त्यांतील 'आरंभींच्या काळांत' आम्हांस बोचलें, 'लहानसें' बोचलें, आणि त्याहूनही बोचला तो शेवटचा 'ही'.

हा दोष एका वक्त्याचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. सभेंत शब्द निसटतात. व्याख्यान हा आमचाही धंदा असल्यामुळें तें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ही एकट्याची चूक नव्हे, ती आपल्या सुशिक्षित वर्गाची ठरीव समजूत आहे. वर्तमानपत्र चालविणें ही शिडीची पहिली पायरी. तिच्यावरून माणूस कायदेमंडळांत जातो, तेथून मंत्रिमंडळांत, आणि दैव फारच अनुकूल असेल तर राजभवनांत. जो चढला तो थोर, आणि जो पायरीवरच बसून राहिला तो बिचारा संपादक! चरित्रें याच हिशेबानें लिहिलीं जातात आणि मुलांकडून याच हिशेबानें पाठ करून घेतलीं जातात. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. अण्यांनीं पुढें जीं जीं पदें स्वीकारलीं त्यांची किंमत त्यांच्या साप्ताहिकाच्या मापानें करावयाची. साप्ताहिकाची किंमत पदांच्या मापानें नव्हे. हें माप लावलें म्हणजे चरित्रांतील एक अडचणीची जागा उघडी पडते, आणि आमचा संशय असा कीं, माप न लावण्याचें खरें कारणही तेंच असावें.

माधव श्रीहरि अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. त्या वेळीं या जिल्ह्यास वूण, म्हणजे वणीचाच, जिल्हा म्हणत. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांतून १९०२ सालीं बी. ए., कांहीं वर्षें अमरावतीस शिक्षकाचें काम, मग कायद्याची परीक्षा, आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळांत वकिली, असा हा आरंभ त्या पिढीच्या शेंकडों तरुणांसारखाच आहे. वेगळें आहे तें साल. त्याच १९०८ मध्यें 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. ज्या तरुण वकिलानें टिळकांस गुरु मानलें त्यास आपल्या धंद्याच्या पहिल्याच वर्षीं हें कळून चुकलें असलें पाहिजे कीं, या देशांत मोठ्यांत मोठा अपराध अग्रलेखानेंही घडूं शकतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, अण्यांनीं यवतमाळांत 'लोकमत' साप्ताहिक काढलें. तें 'लहानसें' होतें खरें. पण किती लहान, याचा हिशेब आमच्या वक्त्यांनीं करून पाहिला नसावा. १९१० चा प्रेस ॲक्ट तेव्हां जिवंत होता. तो रद्द झाला १९२२ सालीं. त्या कायद्याप्रमाणें नव्या छापखान्याच्या मालकाकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन घेण्याचा मॅजिस्ट्रेटला अधिकार होता. त्याच्या मर्जीस आलें तर माफी, मर्जी फिरली तर मागणी, आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला तर सारी रक्कम सरकारजमा. पुण्या-मुंबईच्या पत्रास असा दंड म्हणजे एक आपत्ति. जिल्ह्याच्या गांवच्या पत्रास तो मृत्यु. पहिल्या पानावर संपादक म्हणून नांव कोणाचें छापलें आहे हा प्रश्न अशा काळीं दुय्यम असे. जामीन जप्त झाली तर ती कोणाच्या घरांतून जाणार, हा खरा प्रश्न.

आणि वाचक कोण? वर्गणी वर्षअखेर भरूं म्हणणारे वकील, कापसाच्या हंगामाकडे डोळे लावून बसलेले पाटील, शाळामास्तर आणि तालुक्याच्या गांवचे दुकानदार. चावडीवर एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, हाच मुफसल पत्राचा खरा खप; त्याचा आंकडा कोणत्याही वहींत उतरत नाहीं. एक वाचक मात्र असा होता कीं तो एकही अंक चुकवीत नसे, आणि तो म्हणजे सरकार. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्यास करून ते वरिष्ठांपुढें गुप्तपणें ठेवावयाचे, असा त्या काळीं प्रांतोप्रांतीं रिवाज होता. मराठी वाचकानें रद्दींत घातलेल्या पत्रांचा मागमूस आज पुष्कळदां या परक्या सरकारच्या दप्तरांतच सांपडतो. आपल्या पत्रांची किंमत आपणांपेक्षां त्यांस अधिक कळत होती, हें लाजिरवाणें आहे.

'लोकमत' हें नांव टिळकांनींच सुचविलें, अशी परंपरा आहे. हा शब्द आज आपण फार सैलपणें वापरतों. लोकांस आवडेल तें लोकमत, असा अर्थ हल्लीं रूढ होऊं पाहत आहे. टिळकसंप्रदायांत त्याचा अर्थ असा नव्हता. लोकमत आयतें पडलेलें नसतें, तें घडवावें लागतें. आणि घडविणाऱ्यानें प्रसंगीं लोकांचा रागही पत्करावा लागतो, ही त्या शब्दामागची जबाबदारी होती. अण्यांनीं ती किती ओळखली होती याचा दाखला आम्ही त्यांच्या आचरणांतूनच देतों.

१९३० सालीं मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां वऱ्हाडापुढें एक विचित्र अडचण उभी राहिली : वऱ्हाडास समुद्र नाहीं. अकोला जिल्ह्यांत दहिहंडा येथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून ती वेळ निभावली गेली, आणि त्या मंडळींच्या निष्ठेस आमचा नमस्कार आहे. परंतु यवतमाळच्या शेतकऱ्याचें खरें गाऱ्हाणें मिठाचें नव्हतें, तें गवताचें होतें. राखीव जंगलाची हद्द त्याच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन ठेपलेली. बैल त्याचा, भूक बैलाची, आणि गवत सरकारचें! १० जुलै १९३० रोजीं पुसदच्या जंगलांत शिरून अण्यांनीं गवत कापलें आणि ते तुरुंगांत गेले. आंदोलनाची प्रेरणा साबरमतीहून आली हें खरें. पण मिठाच्या जागीं गवत घालण्याची बुद्धि साबरमतीहून येणारी नव्हती. ज्यानें वर्षानुवर्षें कोर्टांत अशिलांचीं आणि पत्रांतून रयतेचीं रडगाणीं ऐकलीं, त्यासच ती सुचावयाची. एखाद्या जिल्ह्यास स्वतःचें पत्र कशासाठीं हवें, याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

पुढच्या चार वर्षांकडे पाहा. १९३३ सालीं अणे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, आणि सामुदायिक कायदेभंग स्थगित झाल्याची कटु घोषणा त्यांच्याच सहीनें निघाली. ती कोणासही आवडणारी नव्हती. लगेच १९३४ सालीं जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसनें 'स्वीकारहि नाहीं, धिक्कारहि नाहीं' अशी भूमिका घेतली, तेव्हां पंडित मदनमोहन मालवीयांसह अणे बाहेर पडले आणि त्यांनीं वेगळा राष्ट्रीय पक्ष काढला. त्या मतभेदांत बरोबर कोण होतें याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. आम्हांस महत्त्व वाटतें तें याचें कीं, कालपर्यंत ज्या संस्थेचा अध्यक्ष होतों तिच्या विरुद्ध आज उघडपणें, आपल्या नांवानें, कारणें देऊन उभें राहणें ही मुत्सद्द्याची रीत नव्हे. ती पत्रकाराची रीत आहे. मुत्सद्दी गप्प राहून वेळ काढतो. पत्रकारास शनिवारीं अंक काढावयाचा असतो.

आतां ती अडचणीची जागा. १९४१ च्या जुलैंत व्हाइसरॉयनें आपल्या कार्यकारी मंडळांत हिंदी सभासदांची संख्या वाढविली आणि अण्यांनीं परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें स्वीकारलें. परदेशस्थ हिंदी लोकांचें कांहीं भलें करतां येईल, हा हेतु आम्ही खोटा मानीत नाहीं. पुढच्या वर्षीं ऑगस्टची चळवळ पेटली. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें दंगा होऊन सरकारी अधिकारी मारले गेले, आणि नंतर तेथें आलेल्या गोऱ्या शिपायांनीं गांवच्या स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांची वार्ता मध्यप्रांत-वऱ्हाडांत घरोघर पसरली. सेवाग्रामचे प्रोफेसर भन्साळी दिल्लीस गेले. ते कोणा अपरिचित साहेबाकडे गेले नाहींत, अण्यांकडे गेले. त्यांनीं चिमुरास यावें आणि चौकशी करवावी, एवढीच मागणी होती. वणीहून वर्धा नदी ओलांडली कीं चांदा जिल्हा लागतो. हें गाऱ्हाणें अण्यांच्या शेजारच्या घरचें होतें. अण्यांनीं नकार दिला, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं भन्साळींनीं त्यांच्याच दारांत उपोषण मांडलें.

पुढें जें घडलें तें प्रत्येक मराठी पत्रकारानें पाठ करून ठेवण्यासारखें आहे. सरकारनें भन्साळींस पकडून सेवाग्रामास पाठविलें, आणि त्यांच्या उपोषणाची व चिमूरची बातमी छापण्यास वर्तमानपत्रांस बंदी केली. संपादक परिषदेनें हें मुकाट्यानें सोसलें नाहीं. पत्रांनीं नववर्षाच्या पदव्यांची सरकारी यादी छापण्याचें नाकारलें, आणि ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक पत्रांनीं निषेधार्थ अंकच काढला नाहीं. १२ जानेवारीस, त्रेसष्टाव्या दिवशीं, उपोषण सुटलें. हे सारे दिवस 'लोकमत' या नांवाचें पत्र काढणारा मनुष्य त्या बंदी घालणाऱ्या मंडळांत सभासद म्हणून बसलेला होता! वृत्तपत्रांचें खातें त्याच्याकडे नव्हतें, हा बचाव आम्ही ऐकला आहे. जामीन मागणारा मॅजिस्ट्रेटही 'कायदा मीं केला नाहीं' असेंच म्हणत असे.

हे आम्ही कठोरपणें लिहीत आहों याची आम्हांस जाणीव आहे, आणि ज्यांच्या घरीं बापूजींची तसबीर देव्हाऱ्याशेजारीं आहे अशा वाचकांस हें रुचणार नाहीं. परंतु याच्या पुढचें पानही आम्ही फाडणार नाहीं. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं आगाखान महालांत गांधीजींनीं एकवीस दिवसांचें उपोषण आरंभिलें. त्यांस सोडावयाचें नाहीं असें सरकारनें ठरविलें, तेव्हां १७ फेब्रुवारीस होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरि अणे या तिघांनीं राजीनामे दिले. राजीनाम्याच्या दिवशीं गांधीजी वांचतील कीं नाहीं हें कोणासच सांगतां येत नव्हतें. म्हणजे निकाल पाहून दिलेला तो राजीनामा नव्हता. भक्त नोव्हेंबर गाळतात आणि निंदक फेब्रुवारी गाळतात. आमच्या वक्त्यांनीं पांच मिनिटांत दोन्ही गाळलें, आणि श्रोत्यांस एक निष्कलंक, निर्जीव बापूजी देऊन ते खालीं बसले.

आमचा निर्णय विचाराल तर तो असा : नोव्हेंबरांत अणे पत्रकारधर्मास चुकले, आणि फेब्रुवारींत त्यांची सदसद्विवेकबुद्धि जागी झाली, पण पत्रकार परत आला नाहीं. त्याच सालीं सरकारच्याच नेमणुकीनें ते सिलोनांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि होऊन गेले आणि १९४७ पर्यंत तेथें राहिले. अलाहाबादच्या 'लीडर'चे चिंतामणि यांची गोष्ट याहून निराळी आहे. १९२१ सालीं ते संयुक्त प्रांतांत मंत्रि झाले. गव्हर्नराशीं पटेना तेव्हां १९२३ सालीं राजीनामा देऊन ते पुन्हां आपल्या संपादकाच्या खुर्चींत येऊन बसले. मंत्रिपद हा त्यांच्या आयुष्यांतील प्रवास होता आणि 'लीडर' हें घर. अण्यांनीं लेखणी पुन्हां उचलली ती उतारवयांत, आणि तीही संस्कृतांत. तीन खंडांचें त्यांचें 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हें टिळकचरित्र थोर विद्वत्तेचें काम आहे. साहित्य अकादमीनें १९७३ सालीं, त्यांच्या पश्चात्, त्यास पुरस्कार दिला. आम्ही त्याचा पहिला खंड वाचला आहे आणि उरलेले दोन वाचण्याचा निश्चय केला आहे. पण 'लोकमत' काढणाऱ्यानें अखेरचा शब्द अशा भाषेंत बोलावा कीं जी लोक वाचीत नाहींत, याचें आम्हांस वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं.

उरलेलें चरित्र थोडक्यांत सांगतां येतें, आणि तसेंच तें सांगावें. १९४८ ते १९५२ बिहारचे गव्हर्नर; पुढें काँग्रेसबाहेर राहून नागपुराकडून लोकसभेंत; वेगळ्या विदर्भाचा आग्रह शेवटपर्यंत; २६ जानेवारी १९६८ रोजीं देहावसान. ज्या गव्हर्नरीस सभेंत अर्धा तास मिळाला तिच्यावर आम्ही अर्धी ओळही अधिक खर्च करूं इच्छीत नाहीं. घटनेप्रमाणें गव्हर्नरानें बोलावयाचें नसतें. आणि न बोलण्याबद्दल कोणाचें स्मारक करावें असें आम्हांस वाटत नाहीं.

नांवाचें काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. मूळ साप्ताहिक पुढें बंद पडलें. बाभूळगांवचे जवाहरलाल दर्डा, जे स्वतः बेचाळीसच्या चळवळींत तुरुंगांत गेले होते, त्यांनीं स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकांत यवतमाळांतच 'लोकमत' साप्ताहिक पुन्हां सुरू केलें. १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुराहून त्याचें दैनिक झालें, आणि आज तें महाराष्ट्रांतील मोठ्या पत्रांपैकीं एक आहे. दर्डाही राज्याच्या मंत्रिमंडळांत बरींच वर्षें होते. एका मागास म्हणून हिणविलेल्या जिल्ह्यांतून एवढें पत्र उभें राहावें याचा अभिमान आम्हांस आहे. परंतु लेखणी आणि अधिकार एकाच हातीं आले म्हणजे जो प्रश्न १९४२ सालीं अण्यांपुढें उभा राहिला तो कोणापुढेंही उभा राहतो. आणि तो प्रश्न पत्राच्या खपानें सुटत नाहीं.

यावर आम्हांस उत्तर मिळेल तें ठरलेलें आहे : प्रोफेसरांस पहिल्या तारखेस पगार मिळतो, त्यांनीं पत्रधर्म सांगूं नये, छापखान्याचीं यंत्रें तत्त्वांवर चालत नाहींत. हें खरें आहे, आणि त्याचा पूर्वार्ध तर आम्ही तक्रारीवांचून कबूल करतों. पण यंत्रें १९१८ सालींही तत्त्वांवर चालत नव्हतीं. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत महाराष्ट्रांत पैसे घेऊन उमेदवारांच्या बातम्या छापल्याचा बोभाटा झाला, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीस २०१० सालीं या रोगावर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. तेव्हां शाईचे भाव वाढले होते काय? जामीन मागणारा मॅजिस्ट्रेट गेला. आतां जामीन आपण होऊन देण्याची पद्धत पडली आहे. जिल्ह्याच्या आवृत्तींत स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचें अख्खें पान निघतें, आणि कापसाला भाव न मिळाल्यानें वीष घेतलेल्या शेतकऱ्याची बातमी त्या पानाच्या मागें चार ओळींत येते. गवताचें गाऱ्हाणें ओळखणारी दृष्टि या पानावर कोठें बसवावयाची?

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. पुतळा नको, व्याख्यानमाला नको, सभागृहास नांवही नको. जुन्या 'लोकमता'चे, आणि वऱ्हाडांतील त्या काळच्या सर्व लहान पत्रांचे, जे जे अंक कोणाच्या माळ्यावर, वकिलाच्या कपाटांत किंवा सरकारी दप्तरांत असतील ते गोळा करून त्यांच्या छायाप्रती एका जागीं ठेवाव्यात, आणि त्या कोणाही विद्यार्थ्यास विनामूल्य वाचूं द्याव्यात. एका जयंतीच्या मंडपास जो खर्च येतो त्यांत याचा चांगला आरंभ होईल. चरित्रकार त्यांतून बापूजींची थोरवी काढोत कीं चुका काढोत. निदान ते एका 'ही'वर भागविणार नाहींत.

दोन वर्षांपूर्वीं अशाच शोधांत आम्ही एका तालुक्याच्या गांवच्या जुन्या वाचनालयांत गेलों होतों. गांवाचें नांव घेत नाहीं. अशीं वाचनालयें पुष्कळ आहेत. जुन्या जिल्हापत्रांच्या फायली पाहावयाच्या आहेत असें सांगितल्यावर तेथील वृद्ध कारकुनांनीं आम्हांस बसावयास खुर्ची दिली, पाणी दिलें, आणि फार संकोचानें म्हणाले, "त्या तर गेल्या जी, सर. रंगकाम काढलं होतं, तेव्हां रद्दींत गेल्या. तीन पोतीं भरलीं होतीं." मग आमचें तोंड उतरलेलें पाहून, आम्हांस बरें वाटावें म्हणून, त्यांनीं भिंतीकडे बोट केलें. नव्या रंगावर बापूजींची तसबीर टांगलेली होती, तिला ताजा हार होता, आणि खालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें : 'लोकनायक बापूजी अणे, माजी राज्यपाल, बिहार.'